लाल पँटवाला

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात, गेल्या शनिवारी भर दुपारी, सात-आठ माणसांच्या देखत, मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईंनी मला तीनदा ठार मारलं. घरी मी फक्त 'अडॅप्टर मिळाला' एवढंच सांगितलंय.

झालं असं की दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून माझा टीव्ही गेम निघाला. १९९४ साली मिरजेत वडिलांनी घेऊन दिलेला. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम नावाचं यंत्र आलं, त्याची ही नक्कल. पण तेव्हा फॅमिकॉम कुणाला ठाऊक होता? आमच्या गल्लीत तो 'टीव्ही गेम' आणि त्याचे दोन 'रिमोट'. सोबत एक पिवळी कॅसेट, '९९९ इन १' लिहिलेली. त्यात गेम सात. बाकीचे ९९२ म्हणजे तेच सात, कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी तिसऱ्या.

घरच्या एलईडीला तो कसाबसा जोडला आणि मुलीला त्यातला बदकं मारायचा गेम दाखवायला सोबतची बंदूक काढली. एक बदक पडेना. गवतातून तो कुत्रा वर यायचा आणि तोंडावर पंजा धरून हसायचा. "बाबा, हा तुम्हाला हसतोय," मुलगी म्हणाली. मी तिला समजावलं की चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो चौकोन शोधतो. जुन्या डबा टीव्हीवर हे चित्र तत्काळ उमटायचं, एलईडीवर उमटायला उशीर होतो, म्हणून नेम चुकतो. "म्हणजे नेम चुकतोच ना?" ती म्हणाली. तेवढ्यात अडॅप्टरमधून जळका वास आला आणि सगळंच बंद पडलं.

म्हणून तपकीर गल्ली.

काउंटरवरचा पोरगा विशीचा असेल. त्यानं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं, वजनाचा अंदाज घेतल्यासारखं. "काका, हे सगळं मोबाईलवर येतं. फुकट." मी म्हटलं, मला हेच पाहिजे. त्यानं खांदे उडवले, दुसरा अडॅप्टर लावला, कॅसेट खोचली. पडद्यावर करड्या मुंग्या. मी सवयीनं कॅसेट काढली आणि खालच्या फटीत जोरात फुंकर मारली. "फुंकू नका," तो म्हणाला, "थुंकी उडते. पिना गंजतात." पोरगं चुकत नव्हतं. फुंकरीनं काहीच होत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिना नीट टेकतात आणि श्रेय फुंकरीला जातं. पण तीस वर्षं जी गोष्ट मी मंत्रासारखी केली, ती सात-आठ गिऱ्हाइकांसमोर 'थुंकी' ठरावी?

त्यानं इयरबडला स्पिरिट लावून पिना पुसल्या आणि सेट-टॉप बॉक्स तपासायला ठेवलेल्या १४ इंची डबा टीव्हीला यंत्र जोडलं. काँट्रा या गेमचं ते सुरुवातीचं संगीत वाजलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

तोवर बाजूच्या स्टुलावर एक बाई 'मिक्सरचा कपलर परवाच बदलला होता, पुन्हा कसा गेला' यावर दुकानदाराला धारेवर धरून बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, खांद्याला कापडी पिशवी, मांडीवर चटणीचं भांडं. संगीत ऐकून वाक्य अर्धवट सोडून त्या वळल्या.

"काँट्रा का?"

"हो! तुम्हाला माहितीये?" मी कौतुकानं विचारलं. या कौतुकाची मला आता लाज वाटते.

"माहितीये म्हणजे? मी लाल पँटवाला होते."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काँट्रात दोन उघडेबंब सैनिक असतात. पहिल्या रिमोटवाल्याची पँट निळी, दुसऱ्याची लाल. आमच्या यंत्राच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. गेम सुरू कधी करायचा, मध्येच थांबवायचा कधी, हे सगळं निळ्याच्या हातात.

"तुम्ही कुठल्या रिमोटवर?" बाईंनी विचारलं.

"आम्ही... बदलून बदलून खेळायचो."

"म्हणजे पहिल्या." त्यांनी भांडं मांडीवर सरळ केलं. "कोण होतं दुसऱ्यावर?"

"धाकटी बहीण. नाशिकला असते आता."

"बोलते तुमच्याशी?"

मी म्हटलं, बोलते की! आम्ही दोघांनी मिळून काँट्रा शेवटपर्यंत संपवलाय, किती वेळा तरी. बेटाचा स्फोट होतो, हेलिकॉप्टर उडून जातं, तिथपर्यंत.

"दोघांनी?" बाई म्हणाल्या. "शेवटी ती जिवंत होती?"

दुकानात पंख्याचा आवाज येत होता. मी आठवायला लागलो. हेलिकॉप्टर आठवलं, स्फोट आठवला. हेलिकॉप्टरमध्ये कोण बसलंय ते त्या गेममध्ये दिसतच नाही, त्याला मी काय करू?

"धबधबा," बाई सगळ्या दुकानाला उद्देशून म्हणाल्या. "तिसरी लेव्हल. खालून उड्या मारत वर चढायचं. वरचा जसा चढेल तशी स्क्रीन वर सरकते. खालचा मागे राहिला की स्क्रीनच्या खालच्या कडेला लागून मरतो. शत्रू नाही, गोळी नाही, काही नाही! गोळीनं मेले असते तर वाईट वाटलं नसतं हो. मी चौकटीनं मेले. तीस जीव असायचे माझे, त्यातले वीस तरी त्या धबधब्यात गेलेत. आणि दादा वरून काय म्हणायचा? 'चल ना लवकर!'"

इमर्जन्सी लाइट घेऊन आलेल्या एका आजोबांनी मान हलवली. "भाऊ असेच," ते म्हणाले. ते काय समजले होते देव जाणे, पण सहानुभूती कुणीकडे आहे हे स्पष्ट झालं.

मला विषय बदलायचा होता. अशा वेळी माझ्या वयाचा पुरुष जे करतो तेच मी केलं, माहिती द्यायला लागलो. म्हटलं, मी हल्ली हे जुने गेम पुन्हा काढून त्यांचे पुढचे भाग ताडून बघतोय. काँट्राचा दुसरा भाग फॅमिकॉमवर १९९० साली आला. पहिल्यातले ते पाठीमागून दिसणारे बोगदे काढून टाकले, त्यांच्याऐवजी वरून दिसणाऱ्या लेव्हल घातल्या. माझ्या मते चित्रं सुधारली, पण मजा पहिल्यातच.

"जीव किती?"

"पहिल्यात वर-वर-खाली-खाली वगैरे बटणांचा कोड मारला की तीस. दुसऱ्याच्या अमेरिकन कॅसेटवर कोड बदलला, उजवं-डावं-खाली-वर, आणि मग दहा."

"तिसाचे दहा केले?" बाई दुकानदाराकडे वळल्या. "बघा. तुमच्या कपलरसारखंच. नवीन आलं की टिकाऊपणा कमी." दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते दहा जीव मीच ठरवले होते.

मग त्या म्हणाल्या, कराडला त्यांच्याकडे मारिओ चौदा होता. इथे मात्र मी फॉर्मात आलो. मारिओ चौदा असा गेमच नाही! एका भलत्याच जपानी गेममध्ये चोरट्यांनी मारिओचं डोकं बसवलं आणि वर १४ आकडा टाकला. एक ते तेरा कुठे गेले, हे आपण तेव्हा कुणीच विचारलं नाही. आकडा मोठा म्हणजे गेम भारी. त्या काळात अमुक इन १, तमुक इन १ ही चढाओढ चालायची, तशातलंच ते.

पण बोलता बोलता माझंच मला वाटलं, खरा मारिओ दोन तरी काय वेगळा होता? १९८५च्या पहिल्या मारिओनंतर पुढच्याच वर्षी जपानमध्ये दुसरा भाग निघाला. दिसायला हुबेहूब पहिला, पण आतून खवट. विषारी मशरूम, उडी मारली की ढकलणारा वारा, आणि पुढच्या जगात नेण्याऐवजी मागच्या जगात फेकणारे पाइप. एवढा छळवादी गेम आपल्याकडे चालायचा नाही, असं कंपनीच्या अमेरिकन शाखेला वाटलं. म्हणून १९८७चा एक वेगळाच जपानी गेम घेतला, त्यातली चार पात्रं काढून तिथे मारिओ आणि मंडळी बसवली, आणि १९८८ साली तो 'मारिओ दोन' म्हणून विकला. पुढे १९९२ला तोच गेम 'मारिओ यूएसए' नावानं जपानमध्ये परत गेला. म्हणजे दुसऱ्याच्या धडावर मारिओचं डोकं बसवायचा धंदा मूळ मालकानंही केलाय. आमच्या चौदावाल्यांना निदान अमेरिकेची मंजुरी लागली नाही. तो अमेरिकन दुसरा भाग मी नेहमी सगळ्यांत टुकार म्हणत आलोय. मारिओ जमिनीतून सलगमासारखी भाजी उपटून शत्रूला फेकून मारतो, आणि शेवटी कळतं की सगळं स्वप्न होतं.

"त्यात ती राजकन्या खेळता येते का?" बाईंनी विचारलं.

"येते. उडी मारून हवेत तरंगते थोडा वेळ."

"मग तो भाग चांगला," बाई म्हणाल्या. विषय संपला. पंचवीस वर्षांचं माझं मत त्यांनी जिऱ्यासारखं पाट्यावर टेकवलं आणि वरवंटा फिरवला.

मग त्यांनी भांडं काउंटरवर ठेवलं आणि हात पुढे केला. "द्या तो."

मी दुसरा रिमोट पुढे केला.

"तो नाही."

कोड त्यांनी न बघता मारला. जंगलात त्यांनी एस उचलला, पंख्यासारख्या पसरणाऱ्या गोळ्यांचा, जो मी उचलणार होतो. माझा लाल सैनिक मागून टुकटुक एकेक गोळी झाडत राहिला. मधला बोगदा पार पडला. बाई खेळताना अंगानं डावी-उजवीकडे झुकत नव्हत्या. मी झुकत होतो.

धबधबा आला. पहिल्या मरणाला मी योगायोग समजलो. दुसऱ्या वेळी म्हटलं, "जरा थांबा ना."

"चल ना लवकर," बाई म्हणाल्या. अहो-जाहो गेलं होतं. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

"साहेब, उडी मारा, उडी!" इमर्जन्सी लाइटवाले आजोबा ओरडले. आता माझी बाजू घेऊन काय उपयोग? काउंटरवरचा पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, "काकांचा हात स्लो आहे." माझा हात स्लो नाहीये. दुसऱ्या रिमोटचं उडीचं बटण चिकटतं. तीस वर्षं चिकटत असणार, मला कधी कळायचं कारणच आलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्या थांबल्या. खरंच थांबल्या. मी एकेक दगड करत वर आलो, त्यांच्या शेजारच्या दगडावर एक पाय टेकणार, आणि त्यांनी शांतपणे दोन उड्या मारल्या. स्क्रीन सरकली. मी चौकटीनं मेलो.

"ताई, मिक्सर झाला," आतून आवाज आला.

बाईंनी रिमोट काउंटरवर ठेवला. वरती राक्षस वाट बघत होता, त्यांचे सगळे तीस जीव शाबूत होते, आणि त्या चक्क उठल्या. "झालं माझं," म्हणाल्या. दुकानदारानं कपलरचे सव्वाशे सांगितले, त्यांनी शंभर दिले, आणि पिशवीत मिक्सर घालून गल्लीच्या गर्दीत गेल्या.

माझं बिल: अडॅप्टर २२०, पिना साफ करणं १५०, आणि 'चेकिंग' ५०. चेकिंग कसलं, विचारलं. पोरगा म्हणाला, "पाऊण तास टीव्ही चालला ना, काका." म्हणजे माझं यंत्र, माझी कॅसेट, मरणारा मी, आणि पैसेही मीच द्यायचे. खेळल्या त्या बाईंना चेकिंगचे पन्नास पडले नाहीत, उलट पंचवीस सुटले. यावर दुकानात एकही माणूस बोलला नाही. राग आला की मी घाम पुसायला लागतो, तसा पुसत बाहेर आलो.

मुळात स्क्रीन वर सरकते यात माझा काय दोष? गेम बनवणाऱ्यांनी तसा बनवला. दोन माणसं आणि पडदा एकच, कुणीतरी पुढे जाणारच ना? आणि मी 'चल ना लवकर' म्हणायचो ते प्रोत्साहन म्हणून.

यंत्र आता छान चालतंय. तरी मी खोका परत माळ्यावर ठेवलाय, पंख्याच्या खोक्यामागे. भाऊबीजेला बहीण येतेय. आल्यावर उगाच पसारा नको.

काल रात्री मुलगी फोन ठेवून आली आणि म्हणाली, "बाबा, आत्याला मी टीव्ही गेमचं सांगितलं. ती विचारतेय, दुसऱ्या रिमोटचं बटण दुरुस्त केलंस का?"