डेन्मार्कच्या राजाने पिवळा तारा कधी लावलाच नव्हता

व्हॉट्सॲपवर वर्षातून दोन-तीनदा तरी एक गोष्ट फिरून येते. नाझींनी डेन्मार्कमधल्या ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावण्याचा हुकूम सोडला. दुसऱ्याच दिवशी राजा दहावा क्रिस्तियान स्वतः तारा लावून घोड्यावरून कोपनहेगनच्या रस्त्यांवर निघाला. त्याचे पाहून साऱ्या प्रजेने तारे लावले. ज्यू कोण हे नाझींना ओळखता येईना आणि म्हणून सगळे ज्यू वाचले, अशी ती गोष्ट. तिच्यातला घोडा तेवढा खरा आहे.

मुळात असा हुकूम डेन्मार्कमध्ये निघालाच नाही. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा शिरल्या तेव्हा डॅनिश सरकारने काही तासांतच शरणागती पत्करली आणि त्या बदल्यात आपले मंत्रिमंडळ, संसद, पोलीस व न्यायालये टिकवून धरली. जर्मनीलाही तिथले लोणी आणि डुकराचे मांस सुरळीत मिळत राहायला हवे होते, त्यामुळे ज्यूंना हात लावून ही घडी विस्कटणे तिला परवडणारे नव्हते. ही तडजोड अर्थात स्वच्छ नव्हती. याच काळात डॅनिश अधिकाऱ्यांनी काही ज्यू निर्वासितांना जर्मनीच्या हवाली केले, ज्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी २००५ मध्ये जाहीर माफी मागितली.

राजा मात्र खरोखरच सोबत एकही रक्षक न घेता रोज घोड्यावरून शहरात रपेट मारत असे, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये घोड्यावरून पडून जायबंदी होईपर्यंत हा क्रम चालू होता. ताऱ्याची गोष्टही अगदी हवेतून आलेली नाही. तशी मागणी झालीच तर आपण सगळ्यांनीच तारा लावावा, अशा आशयाची नोंद त्याने १९४१ मध्ये आपल्या रोजनिशीत केली होती, आणि जानेवारी १९४२ मध्ये एका स्वीडिश वृत्तपत्राच्या व्यंगचित्रात राजाच्या तोंडी हेच उत्तर घातलेले होते. ‘तसे झाले तर’चे ‘तसे झाले’ कधी होऊन बसले, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

लोकांनी कोटावर काहीच लावले नव्हते असेही नाही. २६ सप्टेंबर १९४० रोजी राजाला सत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने निघालेला, मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असलेला एक लहानसा बिल्ला असंख्य डॅनिश लोक मिरवू लागले. कुणालाही पकडण्याचे निमित्त न देता आपण कुणाच्या बाजूचे हे दाखवायची ती सोय होती.

आता ‘ओळखता आले नाही म्हणून वाचले’ हे विधान. ज्यू समाजाच्या कार्यालयातल्या नोंदी जर्मनांनी आधीच उचलून नेल्या होत्या, त्यामुळे नावे आणि पत्ते त्यांच्या हातात होते. २९ ऑगस्ट १९४३ रोजी जर्मनांनी लष्करी कायदा पुकारला आणि डॅनिश सरकार कामकाजातून बाजूला झाले, तेव्हा ज्यूंच्या आड असलेली भिंतही गेली. धरपकडीचा बेत जर्मन वकिलातीतल्याच गेओर्ग डकविट्झ या अधिकाऱ्याने २८ सप्टेंबरला डॅनिश सोशल डेमोक्रॅट नेत्यांच्या कानावर घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, रब्बी (ज्यू धर्मगुरू) मार्कुस मेल्किओर यांनी जमलेल्यांना घरी जाऊन लपण्यास सांगितले. १ ऑक्टोबरच्या रात्री जर्मन शिपायांनी दारे ठोठावली तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती. पुढच्या काही आठवड्यांत रुग्णालयांतून, चर्चमधून, उन्हाळी बंगल्यांतून लपत छपत सुमारे ७,२०० ज्यू मासेमारीच्या होड्यांतून ओरेसुंदची खाडी ओलांडून युद्धात तटस्थ असलेल्या स्वीडनला पोहोचले. होडीवाल्यांनी भाडे घेतले आणि ते दणकून घेतले: माणशी सरासरी हजार क्रोनर, म्हणजे कुशल कामगाराच्या दोन महिन्यांच्या कमाईहून जास्त. पकडले गेल्यास होडीही जाणार होती, हे लक्षात घेता मला ते फारसे खटकत नाही. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी वर्गणी काढली.

आणि सगळे वाचले नाहीत. सुमारे ४७० जणांना आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या थेरेझिएनश्टाटच्या नाझी छावणीत नेण्यात आले, त्यांपैकी पन्नासएक जण तिथे मरण पावले. नेल्या गेलेल्यांत गिलेलाये या कोळ्यांच्या गावातल्या चर्चच्या माळ्यावर होडीची वाट पाहत दडून बसलेले सुमारे ऐंशी जणही होते.