खरुची आणि शिक्रा यांच्या नात्याविषयी

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. खरुची, म्हणजेच केस्ट्रेल हा छोटा ससाणा, ही नात्याने शिक्र्यापेक्षा पोपटाला जवळची आहे, या माझ्या लेखातील विधानाला आपण अतिशयोक्ती म्हटले आहे. दोघांची चोच बाकदार, नख्या अणकुचीदार आणि आहारही मांसाचा असताना त्यांची इतकी फारकत कशासाठी, असा आपला प्रश्न आहे.

‘पोपटाची चुलत बहीण’ हे माझे शब्द सैल होते, हे मान्य करतो. ससाणे, पोपट आणि चिमणी-कावळ्यांचा प्रचंड मोठा गण हे एका समान पूर्वजाचे वंशज आहेत आणि शिक्रा त्या शाखेवर नाही, एवढेच लिहायला हवे होते. मूळ मुद्दा मात्र मागे घेता येणार नाही. २००८ साली १६९ जातींच्या डीएनएमधील १९ भागांची तुलना झाली तेव्हा हेच दिसले, आणि २०१४ मध्ये ४८ जातींचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिल्यावरही ते टिकले.

बाह्य साम्यावर किती विसंबावे, याचे उत्तर कापशी घार देते. गवताळ माळावर ती अगदी खरुचीसारखीच एका जागी पंख फडफडवत उंदराचा माग काढते, तरीही ती शिक्र्याच्याच कुळातली आहे. सारख्या उद्योगाने दोन वेगळ्या घराण्यांना सारखी सवय लावली.

फरक पाहायचा असेल तर शिकार मारण्याची रीत पाहावी. आमच्या आवारातल्या शिक्र्याने सरडा धरला, तेव्हा चोच न लावता तो बराच वेळ पंजा आवळत आणि सैल करीत राहिला. त्या दाबानेच सरडा गतप्राण झाला. पुरंदरच्या माळावर दगडावर बसलेल्या खरुचीने मात्र उंदीर पायाखाली धरून थेट मानेचा चावा घेतला. ससाण्यांच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखे टोक असते, ते याच कामाचे. घरट्यांचेही तसेच आहे. शिक्रा काटक्या गोळा करून स्वतः घरटे बांधतो. खरुची कड्याच्या कपारीत उघड्यावरच किंवा कावळ्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते.

लेखातील ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.