टॉवेलशाही

ग्रान कनारिया या स्पॅनिश बेटावर हिवाळा घालवायला येणाऱ्या माणसाला नक्की काय हवं असतं? ऊन! युरोप गारठलेला असताना इथे दुपारी वीस-बावीस अंश, म्हणून तर दोन-दोन महिने मुक्काम ठोकायचा. मग ते ऊन अंगावर घ्यायला एक खुर्ची मिळावी, ही काय फार मोठी मागणी आहे का हो?

जानेवारीत इथे पावणेआठनंतर उजाडतं. आणि आमच्या हॉटेलातले काही महाभाग मिट्ट काळोखात, स्वेटर घालून खाली येतात, स्विमिंग पूलभोवतीच्या लांब खुर्च्यांवर टॉवेल अंथरतात आणि परत जाऊन घोरतात! उगवतात थेट अकराला. काही तर टॉवेल टाकून दिवसभर मास्पालोमासच्या वाळूच्या टेकड्यांत भटकायला जातात. खुर्चीवर पहुडलंय कोण? टॉवेल आणि एक जाडजूड कादंबरी, तीही उघडलेली नाही.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकणारा निदान धावत येऊन त्या जागेवर बसतो तरी!

भिंतीवर चार भाषांत पाटी आहे, जागा अडवू नये म्हणून. ती वाचतं कोण? आम्हीच, उभं राहून. रिसेप्शनवरची पोरगी गोड हसते, बस्स. आणि दुपारी चारला एखादी खुर्ची मोकळी होते, तेव्हा तिच्यावर हॉटेलच्याच इमारतीची सावली पडलेली असते. आमच्या ह्यांचं म्हणणं, आपणही पहाटेचा गजर लावू. सुट्टीत? मुळीच नाही!