तिशीत म्हातारे? १६९३ चा तक्ता वेगळंच सांगतो

"१६९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सरासरी आयुर्मान जेमतेम ३५. म्हणजे तिशीत माणूस म्हातारा. म्हणून मुलींची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी उरकायची. मरायचं कारण एकच, उपासमार. चाळिशीपुढचा विचारच कुणी करत नसे." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला आकडा ठीक आहे. त्या काळात इंग्लंडची सरासरी तिशी-पस्तिशीतच घुटमळत होती. घोळ आहे तो 'म्हणजे'च्या पुढे.

'तिशीत म्हातारा': त्या काळचा सगळ्यात विश्वासार्ह हिशेब एडमंड हॅलीचा, धूमकेतूवाला तोच. १६९३ साली त्याने वयानुसार मृत्यूचा तक्ता मांडला, पण लंडनचा नव्हे, ब्रेसलाऊचा (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ). कारण लंडनच्या मृत्यूपत्रकांत (शहरातल्या मृत्यूंच्या याद्यांत) मृताचं वयच लिहीत नसत, ते १७२८ पासून लिहू लागले. शिवाय लंडनमध्ये मरणाऱ्यांत बाहेरून आलेलेच फार. ब्रेसलाऊचे १६८७ ते १६९१ चे आकडे तिथल्या कॅस्पर नॉयमान या पाद्र्याने जमवले होते.

वर्षाला १२३८ जन्म. त्यातली ३४८ मुलं पहिलं वर्षही पुरं करत नाहीत. पुढच्या पाच वर्षांत आणखी १९८ जातात. उरली ६९२. आता पन्नाशीचा आकडा बघा: ३४६, बरोब्बर निम्मे! लहानपणातून तरलेल्या दोघांपैकी एक जण पन्नाशी गाठत होता. साठीला २४२, सत्तरीला १४२. तीस वर्षांच्या माणसाने आणखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं धरून चालावं, असं हॅली स्वतः सांगतो.

तरी सरासरी काढा. शहराची लोकसंख्या त्याने धरली ३४,०००. तिला १२३८ ने भागलं की येतात साडेसत्तावीस वर्षं. ही सरासरी खाली ओढली आहे पाळण्यातल्या मृत्यूंनी. साडेसत्तावीस हे मरायचं नेहमीचं वय मुळीच नव्हे.

'तेराव्या वर्षी लग्न': कायद्याची किमान मर्यादा मुलीला १२ आणि मुलाला १४ होती, गैरसमज बहुधा तिथूनच आला. चर्चच्या नोंदवह्यांवरून निघणारं इंग्लंडमधलं पहिल्या लग्नाचं सरासरी वय मात्र बाईचं पंचवीस-सव्वीस, पुरुषाचं सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा-बायकोने वेगळी चूल मांडायची ही तिथली रीत. त्यासाठी दोघंही आधी अनेक वर्षं दुसऱ्यांच्या घरी सालाने राबून पैसा जमवत.

'कारण एकच, उपासमार': इंग्लंडच्या ॲन राणीला खायला काय कमी होतं? किमान सतरा गरोदरपणं, आणि एकही मूल मोठं झालं नाही. दोन मुली १६८७ च्या फेब्रुवारीत काही दिवसांच्या अंतराने देवीच्या रोगाने गेल्या; मुलगा अकराव्या वर्षी, १७०० साली. तिची बहीण मेरी, राज्यावर असलेली राणी, १६९४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी देवीनेच गेली. लंडनच्या मृत्यूपत्रकांत 'दात' असंही मृत्यूचं एक कारण असे. दाताने कुणी मरत नाही, पण दात येण्याच्या वयात अंगावरचं दूध तुटायचं आणि पाण्यात किंवा दुधात भिजवलेला पाव भरवायला सुरुवात व्हायची. पाणी घाण, दूध नासकं, मग हगवण. (ही कारणं ठरवायला प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) प्रेतं तपासणाऱ्या बायका नेमलेल्या असत, आणि त्या बहुधा म्हाताऱ्याच असत.)

भूक नव्हती असं नाही. १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लागोपाठ पिकं बुडाली. दहा टक्क्यांच्या आसपास माणसं कमी झाली, काही मेली, काही देश सोडून उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरला गेली. फ्रान्समध्ये १६९३-९४ ला दहा लाखांहून जास्त जादा मृत्यू झाले. फिनलंडने १६९६-९७ मध्ये किमान चौथा हिस्सा लोक गमावले. इंग्लंडमध्ये याच दशकात महागाईने लोक टेकीला आले, पण असा संहार झाला नाही. तिथे १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला कर गोळा करून गरिबांना पोसावं लागे. तेव्हा 'ब्रिटन' असा एक गठ्ठा करून चालत नाही.

'चाळिशीपुढचा विचार नाही': हॅलीने तक्ता वापरला तो तहहयात वर्षासनाची किंमत काढायला. व्याज सहा टक्के धरून, वर्षाला १ पौंड मरेपर्यंत मिळवायचा तर रास्त किंमत विसाव्या वर्षी १२.७८ पौंड, चाळिसाव्या वर्षी १०.५७, साठाव्या वर्षी ७.६०. इंग्लंडचं सरकार मात्र वय न बघता असं वर्षासन सरसकट सात पौंडांच्या भावाने विकत होतं. म्हणजे साठीतल्या गिऱ्हाइकालाही तो सौदा फायद्याचाच होता. तोटा सत्तरीतल्याचा, त्याची रास्त किंमत ५.३२.