सीएफएलमधले रिसीव्हर म्हणजे एनएफएलने नाकारलेली माणसं? मुद्दे एकेक करून तपासू

समाजमाध्यमांवर अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे ढकललं जातं: ‘एनएफएलमध्ये ज्याला कुणी दारात उभं करत नाही, तो कॅनडाच्या लीगमध्ये जातो. तिथे मैदान भलंमोठं, रिसीव्हरला धावत सुरुवात करायची मुभा, डाउन तीनच म्हणून सतत पास. अशा ठिकाणी कुणीही मोसमात हजार यार्ड काढेल.’ (एनएफएल ही अमेरिकेची आणि सीएफएल ही कॅनडाची व्यावसायिक लीग. रिसीव्हर म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, आणि डाउन म्हणजे 10 यार्ड पुढे सरकायला मिळणारी एकेक संधी.) यात सांगितलेले नियम ढोबळमानाने खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो वारंवार वाचून चांगल्या खेळाडूंवर अन्याय होतोय असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी मैदान. एंड झोन (दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे) सोडून कॅनडाचं मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद. एनएफएलचं 100 लांब आणि 53 यार्ड 1 फूट रुंद. (2027 पासून लांबी 100 यार्ड करायचं लीगने जाहीर केलंय, पण रुंदी 65च राहणार आहे.) क्षेत्रफळ साधारण 34 टक्क्यांनी जास्त भरतं. पण कॅनडात दोन्ही बाजूंनी 12-12 जण खेळतात. मैदानावरच्या माणसांनी भागलं तर दरडोई जागा सुमारे 23 टक्केच वाढते. बारावा माणूस बचावातही असतो, आणि तिथे दोन कॉर्नर, दोन हाफबॅक आणि एक सेफ्टी असे पास अडवणारे पाच जण मागे उभे करण्याची सर्रास पद्धत आहे.

शिवाय रुंदी फुकट मिळत नाही. 2022 पासून हॅश मार्क (खेळी जिथून सुरू करतात ती मैदानातली खूण) जवळच्या कडेपासून 28 यार्डांवर आहे, म्हणजे लांबची कड तिथून 37 यार्ड. समजा रिसीव्हर त्या रुंद बाजूला 12 यार्ड पुढे जाऊन बाहेर वळला आणि कडेच्या 4 यार्ड आत त्याने झेल घेतला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, खेळी सुरू होते त्या रेषेच्या 7 यार्ड मागे असेल तर चेंडूला 38 यार्ड हवेतून जावं लागतं, आणि पदरात पडतात 12. हाच पास एनएफएलच्या मैदानावर 32 यार्डांचा होतो. जास्तीच्या सहा यार्डांत कॉर्नरला वळून चेंडूवर झेपावायला वेळ मिळतो. म्हणूनच रुंद बाजूचा आउट पास ज्याचा हात खरंच दणकट आहे तोच फेकतो, आणि रिसीव्हरला चेंडू आणि बचावपटू यांच्या मध्ये स्वतःचं अंग घालावं लागतं.

आता धावती सुरुवात, म्हणजे वॅगल. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. रेषेवर निदान सात जण लागतात: पाच लाइनमन आणि दोन टोकांचे दोन वाइड रिसीव्हर. या सातांना रेषेकडे धावत येता येत नाही. वॅगल करतो तो मागे उभा असलेला रिसीव्हर, म्हणजे स्लॉटबॅक. त्यामुळे ‘तिथल्या प्रत्येक रिसीव्हरला पळत सुरुवात मिळते’ हे मुळातच खरं नाही.

स्लॉटबॅकला फायदा होतो, हे मान्य. पण तो कमवावा लागतो. क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाचा रनअप आठवा. फरक एवढाच की इथे क्रीजवर पाय नेमका कधी पडायचा हे दुसराच माणूस ठरवतो. स्लॉटबॅक सात-आठ यार्ड मागून निघतो आणि चेंडू निघताना त्याला रेषेला खेटून, पण रेषेच्या मागे असावं लागतं. सेकंदाला 8 यार्डांच्या वेगाने धावणारा 0.2 सेकंद लवकर पोचला तर 1.6 यार्ड पुढे गेलेला असतो. ऑफसाइड, 5 यार्डांचा दंड. दुसऱ्या डाउनला हवे असलेले 6 यार्ड एकदम 11 होतात. उशीर झाला तर दंड नाही, पण अख्खा रूट (रिसीव्हरचा ठरलेला धावण्याचा मार्ग) उशिरा उघडतो आणि क्वार्टरबॅक ज्या क्षणी फेकतो त्या क्षणी रिसीव्हर वळलेलाच नसतो.

अमेरिकन विद्यापीठातून आलेला नवखा बहुतेक इथेच अडकतो. त्याला उभ्याने सुटून पावलं मोजायची सवय असते: इतकी पावलं, मग वळायचं. वॅगलमध्ये पहिलं पाऊल रेषेवर पडतं तेव्हाच वेग पूर्ण असतो, त्यामुळे पावलांचं गणित कोलमडतं आणि यार्डांच्या खुणांवरून खोली ठरवावी लागते. पूर्ण वेगात असलेला माणूस आखूड रूटवर थांबायला जास्त पावलं घेतो. त्यात एक पाऊल वाढलं तरी हाफबॅक पुढे येऊन चेंडू पाडतो. आणि बचावालाही वॅगल दिसत असतो. रोज एकाच कोनातून निघणाऱ्याचा रूट हाफबॅक आधीच ओळखतो.

‘तीन डाउन म्हणून पास जास्त’ हे बरोबर. पण तिसऱ्या डाउनला संघ बहुतेक वेळा पंट करतो, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याकडे देतो. म्हणजे 10 यार्डांसाठी हातात दोनच संधी. दुसऱ्या डाउनला सुटलेला एक झेल म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याला देणं. एनएफएलमध्ये तीच चूक भरून काढायला अजून एक डाउन असतो.

राहिला ‘नाकारलेले’ हा शब्द. मिल्ट स्टेगल एनएफएलच्या सिनसिनाटी बेंगल्सकडे 1992 ते 1994 खेळला, तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, हे खरं. मग सीएफएलच्या विनिपेगमध्ये 14 मोसम, 15,153 यार्ड आणि 147 टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवणं). जेरॉय सायमनला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणीच निवडलं नाही. 16,352 यार्डांचा सीएफएलचा विक्रम त्याच्या नावावर आहे. एवढ्यावरून टीकाकार म्हणतील, बघा, आमचंच खरं. मग चॅड जॉन्सनचं काय? एनएफएलमध्ये 11,059 यार्ड काढलेला हा माणूस 2014 मध्ये मॉन्ट्रियलकडून 5 सामन्यांत 7 झेल आणि 151 यार्डांवर थांबला. तेव्हा तो 36 वर्षांचा होता, हे लक्षात घ्यायलाच हवं. पण ‘कुणीही’ या शब्दात तो नक्कीच बसायला हवा होता. उलट अँड्र्यू हॉकिन्स मॉन्ट्रियलकडून दोन ग्रे कप (सीएफएलचं विजेतेपद) जिंकून एनएफएलमध्ये गेला आणि 2014 मध्ये क्लीव्हलंडकडून त्याने 63 झेलांत 824 यार्ड काढले.

पगाराचं एका वाक्यात: 2023 मध्ये सीएफएलचा किमान पगार 70,000 कॅनेडियन डॉलर होता, आणि बहुतेक करारांना हमी नसते, त्यामुळे आरामासाठी तिथे कुणी टिकत नाही.

या विधानात कॅनेडियन खेळाडूंचा तर विचारच नाही. प्रत्येक संघाच्या आक्रमण आणि बचाव मिळून सुरुवातीच्या 24 जणांत किमान 7 कॅनेडियन असावे लागतात, आणि त्यांची वाट आठ फेऱ्यांच्या वेगळ्या ड्राफ्टमधून जाते. निवड झालेला रिसीव्हर बहुधा पहिली एक-दोन वर्षं झेल घेतच नाही. तो पंटच्या मागे धावतो. कॅनडात फेअर कॅच (हाताने खूण करून विनाअडथळा झेल घ्यायची मुभा) नाही, पण पंट घेणाऱ्याने चेंडूला हात लावेपर्यंत त्याच्याभोवती 5 यार्ड मोकळे सोडावे लागतात. पूर्ण वेगात येऊन 5 यार्डांवर ब्रेक लावायचा आणि लगेच पुन्हा झडप घालायची. जमलं नाही तर संघाला दंड. हे काम चोख केलं की मग कुठे त्याला स्लॉटमध्ये उभं करतात.

ब्रॅड सिनोपोली तर ओटावा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता. 2010 मध्ये त्याला कॅनडाच्या विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हेक क्रायटन ट्रॉफी मिळाली. कॅलगरीने 2011 मध्ये त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच निवडलं, आणि पुढे त्याने जागाच बदलून झेल घ्यायचं काम शिकून घेतलं. 2018 मध्ये ओटावाकडून त्याने 116 झेल घेतले. एका मोसमात कॅनेडियन खेळाडूने तोवर घेतलेले ते सर्वाधिक झेल होते.