तुकोबांच्या अभंगावर यांची मालकी कधीपासून?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

काकांनी आषाढीला आमच्या देवळात म्हटलेला तुकोबांचा अभंग मी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला होता. साधा फोनवर काढलेला. मागे कुणाचं तरी पोर रडतंय, पेटीच्या भात्याची फुसफुस ऐकू येतेय, दुसऱ्या चरणाला काकांना ठसका लागतो आणि टाळकरी सांभाळून घेतात. आज यूट्यूबचा मेल आला की यात एका म्युझिक कंपनीच्या मालकीचं गाणं आहे.

मालकीचं? तुकोबांना जाऊन साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली! कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, 1957च्या कायद्यातच आहे. चाल वारकऱ्यांची, काका ती आजोबांकडून शिकले. कंपनीचा हक्क असलाच तर तिच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपुरता. पण यूट्यूबच्या मशीनला सूर जुळल्यासारखे वाटले की लागला मालकीचा दावा. माणूस ऐकतोय कुठे?

काकांना यातून एक रुपया मिळालेला नाही. आता मात्र व्हिडिओवर जाहिरात लागणार आणि पैसे कंपनीला. हरकत घ्यायची तर ती तपासणार कोण? ज्यांनी दावा ठोकला तेच! वर त्यांना 30 दिवसांची मुदत. त्यांनी नाही म्हटलं तर पुढे भांडा, पण मग स्ट्राइकची, म्हणजे चॅनेलवर लागणाऱ्या कॉपीराइटभंगाच्या शेऱ्याची, टांगती तलवार. तीन स्ट्राइक झाले की चॅनेल गेलं.

लोक गाणी चोरतात, मान्य. नवा मराठी सिनेमा रातोरात टेलिग्रामवर येतो, निर्माता बुडतो. म्हणून देवळात भजन म्हणणाऱ्याची झडती घ्यायची?

आणि कायद्यात आमच्या बाजूचं सगळं आहे बरं का. धार्मिक विधीतल्या गायनाला सूट आहे, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा लावायची सोय आहे. फक्त तो दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. म्हणजे वकील, फी, तारखा. पगारी वकील बाळगणाऱ्या कंपनीला त्याचं काय? पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने कुठून आणायचं? आणि आपली न्यूज पोर्टलं नट्यांच्या एअरपोर्ट लुकमधून बाहेर येतील तेव्हा यावर एक ओळ लिहितील.

काकांना सांगितलं तर त्यांना वाटलं पोलीस केस झाली. "आपण कुणाचं काही घेतलं का गं?" पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, सुट्ट्या पैशांचासुद्धा हिशेब चोख. त्या माणसाला या वयात चोरीची भीती घातली यांनी. पैशांचं जाऊ दे, हे मला सहन होत नाहीये.

काका म्हणतात, "काढून टाक बाई तो व्हिडिओ." मी काढणार नाही. आज रात्रीच हरकत नोंदवतेय. कॉपीराइटचं काम करणारं कुणी वकील ओळखीत असेल तर इनबॉक्स करा. आणि तुमच्या गावच्या भजनी मंडळालाही अशी नोटीस आली असेल तर खाली लिहा, सगळे मिळून तक्रार करू.