रजेचा चार्ट

२६ जून २०२५, सकाळचे आठ. पहिली शिफ्ट सुरू होऊन जेमतेम तास झाला होता आणि आमच्या प्लास्टिकची झाकणं काढणाऱ्या मोल्डिंग शॉपमधल्या सगळ्यांना एकदम बाथरूमला लागली. दुसऱ्या शिफ्टचेही चौघं कशाला कोण जाणे सकाळीच गेटवर हजर. मला सुपरवायझर होऊन तीनच महिने झाले होते, म्हणून मी भाबडेपणाने कॅन्टीनमधल्या पोह्यांची चौकशी करून आलो.

खरा प्रकार असा की कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि २७ ऑगस्टला गणपती होते. २५ तारखेची गाडी धरायची तर २६ जूनला आठाच्या ठोक्याला बोट मोबाईलवर हवं. मिनिटभरात वेटिंग लागतं.

माझ्याकडे माणसं चौदा, त्यातली अकरा रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. मी अकोल्याचा. मला वाटायचं, माणूस आधी रजा मागतो, मग तिकीट काढतो. तेव्हा लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदाही तसंच धरून चालायचा : रजेचा लेखी अर्ज किमान पंधरा दिवस आधी. पण साठातून पंधरा गेले की उरतात पंचेचाळीस, आणि त्या पंचेचाळीस दिवसांत कोकणातला माणूस मनाने घरी पोचून गणपतीवरची माटवी बांधून मोकळा झालेला असतो. अर्ज आणून देतो तो आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. "साहेब, तिकीट झालाहा. आता तुमची सही तेवढी रवली."

चार मशीन चालवायला दोन शिफ्ट मिळून आठ माणसं तरी हवीत. शिवाय मोल्डिंगचं मशीन म्हणजे पंखा नव्हे, की बटण दाबलं आणि चाललो. बॅरलमधला गरम माल आतच राहिला तर जळतो नाहीतर थिजतो. हे मी सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्या, आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, एवढंच म्हणाले, "ता खरा. पण गणपती काय माका इचारून येता?"

मग मीही रेल्वेचंच डोकं वापरलं. ज्येष्ठतेप्रमाणे चार्ट लावला : पाच कन्फर्म, दोन आरएसी, चार वेटिंग. आरएसी म्हणजे एका रजेत दोघं. एकाने आगमनाला जायचं, तो परतला की दुसऱ्याने गौरी-विसर्जनाला. त्यावर टूल रूममधून आवाज आला, "म्हणजे दोघांची गाठ माणगावच्या ट्रॅफिकमध्येच पडणार." चार्टपेक्षा हे वाक्य जास्त वाचलं गेलं.

वेटिंग-एकचं नुकतंच लग्न झालेलं. गावी बायकोचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या नवरीची गौरीची पूजा. तो काही बोलला नाही, नुसता चार्टसमोर उभा राहायचा. जेवणाच्या सुट्टीत उभा, चहाला उभा. भांडणारा माणूस परवडतो हो. हा असा उभा राहणारा रात्री स्वप्नात येतो. शेवटी तात्याच माझ्याकडे आले. "माझा नाव काप आणि त्या पोराचा घाल."

माझा गळाच दाटून आला. सुपरवायझर झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं, आपल्याला माणसं सांभाळता येतात. त्या भरात मी ही गोष्ट मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्येही सांगितली, 'टीम स्पिरिट' असा शब्द वापरून. तो मी वापरायला नको होता.

२५ ऑगस्टला तात्यांच्या मशीनवर कोणीच नाही. फोन लावला तर मागे झांजा वाजत होत्या.

"तात्या, तुम्ही तर नाव कापायला सांगितलं होतं!"

"चार्टातला कापलंय मा? मी जनरलान जातंय."

उरलेले वेटिंगवालेही त्याच डब्यात होते. त्यांनी मला उत्साहाने नमस्कार कळवला.

२७ तारखेला सुट्टीच होती. २८ ला चारातली दोनच मशीन चालली. एकावर साताऱ्याचा ऑपरेटर, दुसऱ्यावर मी. माझ्या पहिल्या तीसेक झाकणांना चाकवताच्या पानासारख्या कडा आल्या. बिहारचा हेल्पर हॉपरमध्ये दाणा ओतता ओतता मला शिकवत होता, मधूनच गालात हसत होता. दुपारी त्याच्यासाठी मुद्दाम मोदक मागवले. म्हटलं, शॉपमध्ये नियमाने वागणारा एक तरी माणूस आहे.

मोदक खाऊन त्याने हात पुसले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"साहब, छठ का टिकट. तेईस अक्टूबर. कन्फर्म है."